बोनेटखालची गरमी: काय गुंडाळायचं आणि काय मोकळं सोडायचं

होळी झाली की या सदराकडे येणाऱ्या पत्रांचा सूरच बदलतो. गाडी दम टाकते, बोनेटला हात लावता येत नाही, कोणीतरी काहीतरी गुंडाळायला सांगितलंय, गुंडाळू का? यावेळी अशीच पाच पत्रं घेतलीत. पहिल्याचं उत्तर जरा लांबलंय, कारण बाकीच्यांना लागणारं बरंचसं त्यातच येऊन जातं.

अकोल्याचे एक वाचक विचारतात: सर, माझी २०१७ ची १.२ लिटर पेट्रोल हॅचबॅक आहे, ७२ हजार किमी झालेत. एप्रिल-मे मध्ये दुपारी एसी लावून गावात फिरलो की गाडी एकदम मरगळते, सिग्नलवरून उचलतच नाही, आणि रात्री तीच गाडी मस्त पळते. गॅरेजवाला म्हणतो एक्झॉस्ट मॅनिफोल्डला (इंजिनमधला धूर बाहेर नेणाऱ्या पाईपांना) हीट रॅप, म्हणजे गरमी अडवणारी पट्टी, गुंडाळू आणि इनटेकला (हवा आत नेणाऱ्या रस्त्याला) सोनेरी टेप मारू, साडेआठ हजार सांगतोय. करू का?

नका करू. निदान आत्ता तरी नको, आधी तीन गोष्टी बघा ज्यांना दोन-पाचशे रुपयांच्या वर खर्च नाही.

पण त्याआधी रात्री पळते आणि दुपारी नाही हे का होतं ते समजून घ्या. इंजिनला पेट्रोलपेक्षा हवा जास्त लागते, आणि गरम हवा विरळ असते. अकोल्यात दुपारी ४४ डिग्री आणि रात्री ३० धरले तर तेवढ्याच जागेत मावणारी हवा दुपारी साधारण साडेचार टक्क्यांनी कमी, म्हणजे ताकदही जवळपास तेवढी कमी, आणि हे नुसत्या हवामानामुळे, याला कुठलाच रॅप काही करू शकत नाही. त्यात एसीचा कॉम्प्रेसर दोन-तीन किलोवॅट खातो, आणि छोट्या इंजिनकडे सिग्नलवरून निघताना कमी आरपीएमवर मुळात ताकदच थोडी असते, त्यातून एवढी गेली तर जाणवणारच. शिवाय आत येणारी हवा गरम आहे असं सेन्सरने सांगितलं की कॉम्प्युटर नॉकिंग (पेट्रोल अवेळी भडकणं) होऊ नये म्हणून टायमिंग मागे घेतो, म्हणजे ठिणगी जरा उशिरा टाकतो, तिथे अजून थोडी ताकद जाते. म्हणजे निम्मी तक्रार तर विदर्भातल्या उन्हाची आहे, गाडीची नाही.

उरलेल्या निम्म्याचं आपण काहीतरी करू शकतो. बाजारात ओबीडीचं, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमधले आकडे वाचणारं, ब्लूटूथ डोंगल मिळतं, हजाराच्या आत (हे वरच्या दोन-पाचशेत धरलेलं नाही), मित्राकडे असेल तर मागून घ्या. ते स्टिअरिंगखालच्या सॉकेटला लावायचं आणि मोबाईलच्या अॅपवर इनटेक एअर टेंपरेचर हा एक आकडा बघायचा. हायवेला ८० च्या स्पीडने दहा मिनिटं चालवा, आकडा बाहेरच्या तापमानापेक्षा पाच-दहा डिग्रीच वर असेल तर इनटेक चांगला आहे, काही करू नका. ट्रॅफिकमध्ये तो वीस-पंचवीसने वर जातो, ते नॉर्मल आहे. पण हायवेला पळताना सुद्धा तीसने वर दिसत असेल तर गाडी बाहेरची हवा घेत नाहीये, बोनेटखालची घेतेय.

आणि याचं कारण मी इतक्या वेळा एकच बघितलंय की आता पहिला हात तिथेच जातो. एअर फिल्टरच्या डब्यापासून पुढे जाळीकडे एक प्लास्टिकचा पाईप जातो, बाहेरची थंड हवा ओढायला. सर्व्हिसला फिल्टर बदलताना तो काढतात आणि परत बसवताना नीट बसत नाही, किंवा त्याची क्लिप तुटते, किंवा रेडिएटरच्या कामात तो सरळ बाजूला ठेवून दिला जातो. मग डबा रेडिएटरच्या मागची हवा ओढत बसतो आणि रेडिएटरच्या मागची हवा म्हणजे ६५-७० डिग्री सहज. ४० ची हवा मिळायच्या ऐवजी ६५ ची मिळाली की साडेसात टक्के हवा गेली. तुमच्या साडेआठ हजारांच्या रॅपने जे मिळणार नाही ते हा पाईप जागेवर बसवून फुकटात मिळतं. काही पोरं उलटा उद्योग करतात, कंपनीचा डबाच काढून टाकून बोनेटखाली उघडा कोन फिल्टर लावतात, आवाज भारी येतो म्हणून. तो आवाज म्हणजे इंजिन गरम हवा ओढतंय त्याचा आवाज आहे, आपल्याकडच्या उन्हात तर हे अजिबात करू नये.

दुसरी गोष्ट म्हणजे समोरचा एसी कंडेन्सर, एसीची गरमी बाहेर टाकणारी जाळी. २०१७ पासून कधी धुतला नसेल तर त्यात माती, किडे, कापसाचे धागे अडकलेले असणार. साध्या पाण्याने, हलक्या प्रेशरने धुवा, फार जोर लावला तर पातळ पत्र्या वाकतात. तिसरी, रेडिएटरचा फॅन दोन्ही स्पीडला फिरतोय का ते बघा.

आता टेप आणि रॅपबद्दल, कारण गॅरेजवाल्याने सांगितलंय तर मनात राहणारच. तुमच्या गाडीच्या वयाच्या बहुतेक छोट्या गाड्यांत इनटेक मॅनिफोल्ड प्लास्टिकचा असतो, काचेचे धागे घातलेलं नायलॉन. ते आधीच उष्णता फारशी आत जाऊ देत नाही, अॅल्युमिनियमच्या तुलनेत कित्येक शेकडो पटींनी कमी. त्यावर सोनेरी टेप म्हणजे रेनकोटवर छत्री. आणि मॅनिफोल्ड अॅल्युमिनियमचा असला तरी त्याला मुख्य गरमी बाहेरून येतच नाही, ती येते सिलिंडर हेडकडून, जिथे तो बोल्टने आवळलेला असतो आणि हेड ९०-१०० डिग्रीला असतं. बाहेरून टेप गुंडाळली तर हेडकडून आलेली गरमी बाहेर पडायचा रस्ता आपण बंद करतो. तिथे उपयोग होतो तो हेड आणि मॅनिफोल्डच्या मधल्या जाड, उष्णता न वाहणाऱ्या पॅकिंगचा.

अजून एक हिशोब सांगतो कारण तो कोणी सांगत नाही. तुमचं इंजिन ३००० आरपीएमला पूर्ण ॲक्सिलरेटर दिल्यावर सेकंदाला साधारण ३० लिटर हवा गिळतं. इनटेकचा सगळा रस्ता मिळून पाच-सहा लिटरचा असेल, म्हणजे हवा तिथून पाव सेकंदाच्या आत निघून जाते, एवढ्या वेळात ती भिंतीकडून किती तापणार? जेव्हा खरी ताकद हवी असते तेव्हा पाईपच्या भिंतीचा प्रश्न छोटा असतो, हवा कुठून ओढली हा मोठा. आयडलला (गाडी उभी, इंजिन चालू) मात्र उलट, तेव्हा हवा याच्या दहाव्या भागाएवढीच वाहते, रेंगाळते आणि तापते, म्हणून ट्रॅफिकमधून सुटल्यावर पहिले काही सेकंद गाडी जड वाटते आणि मग मोकळी होते.

राहिला एक्झॉस्टचा रॅप. तो खोटा नाही, काम करतो. पेट्रोल इंजिनचा धूर पूर्ण लोडवर ८०० डिग्रीच्या पुढे जातो आणि काचेच्या धाग्याची पट्टी गुंडाळली की बाहेरच्या हवेत पडणारी गरमी खरोखर कमी होते. पण मग ती गरमी जाते कुठे? लोखंडातच राहते. जो मॅनिफोल्ड उघड्या हवेत बरा होता तो आता कितीतरी जास्त तापतो, थंड होतो, परत तापतो, आणि बिडाचा असेल तर तडकतो, साध्या लोखंडाचा असेल तर पापुद्रे निघून पातळ होत जातो. त्याच्याच पोटाला कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर स्वच्छ करणारा डबा, चिकटलेला असतो, तो तर कधीच गुंडाळू नका, त्याला काम सुरू करायला २५०-३०० डिग्री लागतात आणि तेवढे त्याला असेच मिळतात, वर कोंडलात तर आतली जाळी वितळायची वेळ येते. ऑक्सिजन सेन्सर आणि त्याची वायर यांच्यावरूनही पट्टी न्यायची नाही.

आणि आगीचं. काही वर्षांपूर्वी एका मित्राच्या गाडीतून कसारा घाट चढताना बोनेटमधून धूर आला, उतरून बघितलं तर रॅपमधून धुराच्या रेघा निघत होत्या. इंजिनच्या वरच्या झाकणाचं, म्हणजे टॅपेट कव्हरचं, पॅकिंग झिरपत होतं, रोज दोन-चार थेंब, उघड्या मॅनिफोल्डवर ते जळून गेले असते आणि वास आल्यावर कळलं असतं. पण पट्टी दिव्याच्या वातीसारखी ते ऑइल महिनोन्महिने पीत राहिली होती. एक्स्टिंग्विशर गाडीत होता म्हणून वाचलो, त्या दिवशी बायको-पोरं पण गाडीत होती आणि ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो. म्हणून ज्या इंजिनला कुठूनही ऑइल गळतं त्याच्यावर रॅप नको म्हणजे नकोच.

चिपळूणचे वाचक लिहितात: डिझेल एसयूव्ही आहे, टर्बोवाली, कोल्हापूरला नेहमी जाणं असतं, आंबा घाटात वर चढेपर्यंत मऊ पडते. यूट्यूबवर बघून टर्बोला ब्लँकेट आणि इंटरकूलरच्या सगळ्या पाईपांना इन्सुलेशन करायचं ठरवलंय. गाडी २०२१ च्या पुरात सीटपर्यंत बुडाली होती, नंतर इंजिनचं काम झालं. काही सल्ला?

सगळ्या पाईपांना करू नका, त्यात एक पाईप चुकीचा आहे.

टर्बो हवा दाबतो, आणि दाबली की हवा तापते, सायकलला हवा भरताना पंपाचं तोंड तापतं तसं. बाहेर ४० डिग्री असताना एक बार बूस्ट (टर्बोचा वाढीव दाब) दिला तर टर्बोमधून निघणारी हवा १३०-१४० डिग्रीला असते. तिला गार करायलाच तर इंटरकूलर ठेवलाय. आता टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतचा पाईप तुम्ही गुंडाळलात तर जी थोडीफार गरमी वाटेत पडून जाणार होती ती तुम्ही जपून इंटरकूलरपर्यंत पोचवताय, त्याचं काम वाढवताय. तो पाईप मोकळा राहू द्या. फक्त तो एक्झॉस्टच्या अगदी जवळून जात असेल तर तेवढ्या जागी मध्ये पत्रा उभा करा. इंटरकूलरपासून इंजिनकडे येणारा पाईप मात्र गुंडाळायला हरकत नाही, तो गार हवेचा आहे आणि गरम जागेतून जातो, तिथे पैसे लावले तर थोडा फायदा आहे.

तुमच्या बोनेटवर हवेचं तोंड असेल तर इंटरकूलर इंजिनच्या डोक्यावरच बसलेला असणार. अशा गाड्यांत त्या तोंडापासून इंटरकूलरपर्यंत चारी बाजूंनी रबर किंवा फोमची कड असते, ती फाटली की बाहेरची हवा इंटरकूलरमधून जाण्याऐवजी बाजूने निसटते. पुराच्या पाण्यात बसलेल्या गाडीत ती कड सडली असण्याची शक्यता खूप आहे, आधी तीच बघा. मग होज आणि क्लिपा बघा, कुठे बूस्ट गळत असेल तर तिथे काळा तेलकट डाग दिसतो आणि चढावर मऊ पडण्याचं ते अगदी नेहमीचं कारण आहे.

टर्बो ब्लँकेट म्हणजे टर्बाइनच्या बाजूला घालायची गोधडी, ती रॅपपेक्षा बरी, कारण काढता-घालता येते. गरमी टर्बाइनमध्येच राहिली की धुराची ताकद टिकते, टर्बो जरा लवकर जागा होतो. पण मग घाट चढून लगेच चावी बंद करायची नाही, दोन मिनिटं आयडलला ठेवायची, नाहीतर टर्बोच्या बेअरिंगमध्ये थांबलेलं ऑइल जळून कोळसा होतं. हे ब्लँकेट नसतानाही पाळायचं, असताना तर नक्कीच.

आणि पुराचं तुम्ही सांगितलंत ते फार बरं केलं. त्यावेळी सायलेन्सरवर, फायरवॉलला (इंजिन आणि केबिनच्या मधल्या भिंतीला) किंवा बोनेटच्या आतून जे काही काचलोकरीचं अस्तर होतं ते अजून तसंच असेल तर काढून फेका. त्याच्यात गाळ बसलेला असतो, तो ओल धरून ठेवतो आणि खालचा पत्रा आतून खातो, वरून काही दिसत नाही. कोकणात पावसाळ्याचे चार महिने मॅनिफोल्डच्या खालच्या पाईपांना पट्टी गुंडाळणं म्हणजे गंजाला ओलं फडकं बांधून देणं, स्टेनलेसचा पाईप असेल तरच विचार करा.

पुण्याचे एक काका लिहितात: माझ्याकडे १९८६ ची पद्मिनी आहे, वडिलांनी घेतलेली, अजून जपली आहे. उन्हात चहाला थांबून परत निघालो की स्टार्ट होत नाही, अर्ध्या तासाने होते. पूर्वी इंजिनवरच्या पेट्रोलच्या पंपावर ओलं फडकं टाकायचो, अजूनही तेच करतो. एक्झॉस्टवर जुनी पांढरी दोरी गुंडाळलेली आहे ती बदलून नवीन लावली तर फरक पडेल का?

काका, तुमचं पत्र वाचून फार आनंद झाला. आमच्या आळीतही एक फियाट, म्हणजे पद्मिनीच, होती आणि खंडाळ्याला बोनेट उघडून इंजिनवरच्या पंपावर ओलं फडकं टाकलेलं दृश्य मी लहानपणी बघितलंय. ते फडकं अगदी शास्त्रशुद्ध आहे. पेट्रोलमधला हलका भाग चाळीसेक डिग्रीलाच उकळायला लागतो, तुमचा पंप इंजिनला चिकटलेला आणि टाकी मागे, म्हणजे पंप पेट्रोल ओढतो तेव्हा पाईपमधला दाब अजून कमी होतो आणि उकळणं अजून सोपं. पाईपमध्ये वाफ भरली की पंपाला धरायला काही मिळत नाही. गाडी चालू असते तोवर वारा लागतो, थांबलात की वारा बंद आणि इंजिनची सगळी गरमी वर चढते, म्हणून चहानंतरच नेमकं होतं. नवीन गाड्यांत पंप टाकीत असतो आणि दाबून पाठवतो, त्यामुळे हा त्रास जवळपास गेलाच.

आता आधी महत्त्वाचं. ती पांढरी दोरी त्या काळातली असेल तर ती अॅस्बेस्टॉसची असण्याची दाट शक्यता आहे. तिला हात लावू नका, ओढून काढू नका, आणि गॅरेजमध्ये एअर प्रेशरने तर मुळीच उडवू देऊ नका. त्याचे धागे डोळ्याला दिसत नाहीत, छातीत बसतात आणि कॅन्सर होतो तो वीस-तीस-चाळीस वर्षांनी. तेव्हा आपल्याकडे ती सर्रास बिनधास्त वापरली गेली. काढायचीच तर गाडी थंड असताना, उघड्यावर, आधी पाण्याने पूर्ण भिजवून, चांगला फिल्टरवाला मास्क लावून, आणि निघालेली दोरी ओली असतानाच दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत बांधायची. हे काम घरी स्वतः करू नका, ज्याला माहिती आहे अशा माणसाकडूनच करून घ्या. बाजारात कोणी तशीच दोरी नवीन म्हणून दिली तरी घेऊ नका.

तिच्या जागी काही गुंडाळायची गरज नाही. कार्ब्युरेटरच्या खाली जे जाड बेकलाइटचं पॅकिंग असतं ते जागेवर आहे का बघा, अनेकदा काम करताना कोणीतरी पातळ कागदी पॅकिंग टाकून देतं आणि मग सगळी गरमी सरळ कार्ब्युरेटरमध्ये. मग पेट्रोलची नळी एक्झॉस्टपासून जितकी लांब नेता येईल तितकी न्या, आणि एक्झॉस्ट व पंप यांच्या मध्ये अॅल्युमिनियमचा पत्रा दोन्हीकडे बोटभर हवा ठेवून उभा करा. चिकटवायचा नाही, हवेचं अंतर हेच खरं इन्सुलेशन. एवढं केलंत तर फडक्याची गरज क्वचित लागेल. आणि आता पेट्रोल भरायच्या पंपावर येणाऱ्या २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलला जुनं रबर टिकत नाही, नळ्या आणि पंपाचा पडदा नवीन इथेनॉल चालणाऱ्या रबराचा टाकून घ्या. गरम इंजिनवर नळी फुटणं हे स्टार्ट न होण्यापेक्षा फार वाईट.

कोल्हापूरहून एक जण: दादा, बाईकच्या बेंड पाईपला काळी पट्टी गुंडाळायची आहे, लूकसाठी. पॉवर वाढते का?

पॉवर जाणवण्याइतकी वाढत नाही. क्रोमचा बेंड असेल तर पट्टीखाली पहिल्याच पावसाळ्यात गंज धरेल आणि कंपनीची वॉरंटी असेल तर तो पाईप कोणी बदलून देणार नाही. पाय भाजतो म्हणून करत असशील तर गार्ड लाव, लूकसाठी करायचंच तर स्टेनलेसच्या पाईपलाच कर, स्टेनलेसच्या पट्ट्यांनीच आवळ, आणि कापताना हातमोजे घाल, काचेचे कण कातडीत गेले की दोन दिवस खाज जात नाही.

नाशिकच्या वाचक विचारतात: माझ्या गाडीखालून खडखड आवाज यायचा. गॅरेजमध्ये सांगितलं की सायलेन्सरवरचा पत्रा सैल झालाय, आणि त्यांनी तो काढूनच टाकला, म्हणाले काही काम नाही त्याचं. आवाज गेला. पण गिअरपाशी पायाला गरम लागतं. चालेल ना?

नाही ताई, चालणार नाही, तो परत लावून घ्या. काढणाऱ्याला वाटतं हा नुसता पातळ पत्रा, तो काय अडवणार. पण तापलेली वस्तू न शिवता, नुसती दुरून भाजते, चुलीपुढे बसल्यावर तोंडाला झळ लागते तशी, आणि ही झळ तापमानाबरोबर भयंकर वेगाने वाढते. ३०० डिग्रीच्या पाईपपेक्षा ६०० डिग्रीचा पाईप दुप्पट नाही, पाचपटीहून जास्त झळ फेकतो. चकचकीत पत्रा ती बहुतेक सगळी परत पाठवतो, आणि त्याच्या वरचं हवेचं अंतर उरलेली अडवतं. तुमच्या पायाशी जी गरमी येतेय तीच तिथून जाणाऱ्या वायरिंगला, गिअरच्या केबलला आणि ब्रेकच्या पाईपलाही लागतेय, त्यांना बोलता येत नाही एवढंच.

जुना पत्रा मिळाला तर उत्तम. बहुतेक वेळा त्याच्या बोल्टाजवळचं भोक गंजून मोठं झालेलं असतं, तिथे मोठा स्टेनलेसचा वायसर टाकला की बसतो, आणि गोल पाईपवरचा असेल तर मोठी स्टेनलेस होज क्लिप पत्र्यावरून फिरवून आवळायची, शंभर-दीडशे रुपयांत काम होतं. हरवला असेल तर कंपनीचाच मागवा. तोपर्यंत वाळलेल्या गवतावर गाडी उभी करू नका, शेतात नको, डोंगरावर फिरायला गेलात तर तिथेही नको. आणि गाडी बीएस६ डिझेल असेल तर ही काळजी पत्रा असतानाही घ्यायची, कारण डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, स्वतःची काजळी जाळतो तेव्हा आत ६०० डिग्रीच्या आसपास जातो, आणि ते कधी सुरू झालं हे चालवणाऱ्याला बऱ्याच गाड्यांत कळतसुद्धा नाही.